कौल आणि झडती : आज्ञापत्रांतील साहुकार-प्रकरणाची परीक्षा

(१)

जुन्या कागदांच्या संग्रहांत पेठ वसविण्याचे कौल पुष्कळ आढळतात. अमुक गांवीं पेठ वसवावी, तेथें उदमी, बकाल, साळी, कोष्टी, कासार येऊन राहतील त्यांस घरठाण द्यावें, अमुक वर्षें पट्टी घेऊं नये, वेठबेगार सांगूं नये, जकात ठरल्यापेक्षां अधिक मागूं नये, असा त्यांचा साधारण मजकूर असतो. शिक्का ठळक असतो, मोर्तब स्पष्ट असतें, आणि घराण्यानें कागद जपलेला असल्यामुळें वाचावयासही फारसे श्रम पडत नाहींत. अशा कागदांवर आजवर जें लिहिलें गेलें त्याचा सूर बहुधा एकच आहे : आमचे पूर्वज व्यापारास केवढें उत्तेजन देत होते पाहा!

हा सूर आम्हांस अपुरा वाटतो. कौल हें वचन आहे, फळ नव्हे. पेठ वसवावी असें लिहिलें म्हणजे पेठ वसली असें होत नाहीं. सात वर्षें माफ केलीं म्हणजे आठव्या वर्षीं उदमी तेथें टिकला असेंही होत नाहीं. उलट, एकाच पेठेचे दोन-तीन कौल मिळाले तर आपण आनंदित होतों. परंतु दुसरा कौल बहुधा पहिली वस्ती मोडली म्हणूनच द्यावा लागलेला असतो. ज्या कागदांच्या विपुलतेवरून आपण भरभराटीचें अनुमान करितों, ती विपुलता कित्येकदां उजाडीची साक्ष असते.

तेव्हां व्यापारी व कारागीर आपल्या मुलखांत यावे म्हणून राजानें कांहीं द्यावें, या नीतीची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न येथें घेत आहों. त्यासाठीं या नीतीचें मराठींतील सर्वांत प्रौढ विवेचन, म्हणजे आज्ञापत्रांतील साहुकारांविषयींचें प्रकरण, आम्ही निवडिलें आहे. हें प्रकरण वारंवार उद्धृत होतें. त्याचें गुणवर्णन झालें आहे. परीक्षा मात्र थोडी झाली आहे.

(२)

आज्ञापत्र १७१५–१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीच्या नांवें लिहिलें गेलें व त्याचें कर्तृत्व रामचंद्र नीळकंठ अमात्यांकडे दिलें जातें. या ग्रंथामागें कोणता अनुभव उभा आहे हें विसरून त्यांतील साहुकार-प्रकरण वाचूं नये. अमात्यांनीं शिवकाल पाहिला होता. राजाराम जिंजीस गेल्यावर महाराष्ट्रांतील कारभार त्यांनीं हांकिला होता. १६८१ पासून १७०७ पर्यंत मोगलांच्या स्वारीखालीं मुलूख भरडला गेला, त्यांत पेठा उजाड झाल्या, मार्ग बंद पडले, आणि फौजेस रोजमुरा देण्यास कर्ज कोठून काढावें ही चिंता रोज उभी राहिली. साहुकार हा राज्याचा अलंकार आहे असें जेव्हां हा ग्रंथकार म्हणतो, तेव्हां तो शोभेची गोष्ट बोलत नाहीं. ज्याच्या अंगावरील अलंकार एकदां उतरले आहेत त्याचें तें बोलणें आहे.

प्रकरणाचा आशय असा. साहुकारांच्या योगें राज्य आबाद होतें; जी वस्तु देशांत होत नाहीं ती येते; संकटांत कर्ज मिळतें. म्हणून त्यांचा मान राखावा व कोणाकडूनही त्यांस उपद्रव पोंचूं देऊं नये. पेठांपेठांत दुकानें व वखारी घालून हत्ती-घोड्यांपासून वस्त्रें, रत्नें व शस्त्रें यांपर्यंत सर्व मालाचा उदीम चालवावा. राजधानीच्या बाजारांत थोर साहुकार आणून ठेवावे, उत्सवप्रसंगीं त्यांस बोलावून वस्त्रें देऊन गौरवावें. परमुलखांतील साहुकारांचें समाधान करून त्यांस आणावें. त्यांस स्वतः येणें अनुकूल नसेल तर ते असतील तेथेंच त्यांचें मन राखून त्यांचे मुतालिक आणावे व त्यांस सोयीची जागा द्यावी. दर्यावर्दी साहुकारांस बंदरोबंदरीं कौल पाठवून त्यांची येजा सुरू करावी.

यांतील दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. पहिली, साहुकार स्वतः येत नसेल तर त्याचा मुतालिक आणावा ही सूचना. भांडवल व माणूस हीं एकत्रच हललीं पाहिजेत असें नाहीं; मूळ पेढी दूर राहून शाखा येथें येऊं शकते, हें या कारभाऱ्यानें अचूक ओळखिलें होतें. दुसरी, पैशाच्या सवलतीपेक्षां मान व अभय यांवर दिलेला भर. या संपूर्ण उपदेशांत कर सोडण्याची भाषा थोडी आणि अपमान होऊं न देण्याची भाषा अधिक आहे.

हा दुसरा विचार ग्रंथकाराचा एकट्याचा नव्हे. त्यास मोठी परंपरा आहे. इसवी सन ५९२ मध्यें पश्चिम भारतांत विष्णुषेणानें वणिग्ग्रामास दिलेलें बहात्तर आचारांचें शासन डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं प्रसिद्ध केलें आणि दामोदर धर्मानंद कोसंबींनीं त्याचें आर्थिक मर्म उलगडून दाखविलें. त्यांत निपुत्रिकाचें धन राजानें घेऊं नये, अशा प्रकारच्या हमींस मोठें स्थान आहे. आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली येथें काकतीय गणपतिदेवानें १२४४ च्या सुमारास दिलेलें अभयशासन तर नांवानेंच अभयशासन आहे : तुफानानें फुटलेल्या गलबतांचा माल पूर्वीचे राजे हिरावून घेत, आम्ही ठरलेल्या शुल्कावांचून कांहीं घेणार नाहीं, असें तें परदेशी व्यापाऱ्यांस सांगतें. कर सोडणें राजास सोपें असतें, कारण जो अद्याप आलाच नाहीं त्याचा कर सोडावयाचा असतो. अभय देणें अवघड असतें, कारण तेथें आपल्याच अंमलदाराचा हात धरावा लागतो. अमात्यांनीं अवघड गोष्ट आधीं सांगितली, हें त्यांच्या प्रकरणाचें खरें भूषण होय.

(३)

आतां उणीव. ती दाखविण्यासाठीं कौटिलीय अर्थशास्त्राकडे वळावें लागतें. हा ग्रंथ शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ त आला व १९०९ त म्हैसुरास छापला गेला. तो अमात्यांसमोर होता असें म्हणावयास आधार नाहीं, आणि आमच्या मुद्द्यास त्याची गरजही नाहीं. एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें शेजारीं ठेवून पाहावयाचीं, एवढाच हेतु.

कौटिल्य सवलतींचे दोन वर्ग करितो : अनुग्रह आणि परिहार. अनुग्रह म्हणजे देणें. नव्यानें वसविलेल्यास धान्य, गुरें, रोकड द्यावी व त्यानें ती मागाहून सोयीनें फेडावी, असा तो आहे. आपल्याकडील तगाई हीच. परिहार म्हणजे सोडणें. धातु पाहिला तर परि-हृ, बाजूस ठेवणें, टाळणें. येणें असलेला कर कांहीं काळ न घेणें. एकांत कोशांतून बाहेर जातें, दुसऱ्यांत कोशांत येणारें येत नाहीं. परिणाम सारखा दिसला तरी हिशेबीं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या निराळ्या ठेवणें हीच शास्त्राची पहिली शिस्त होय. दिलेलें डोळ्यांस दिसतें. सोडलेलें दिसत नाहीं. म्हणून सोडण्यांत हात सैल होतो.

दुसरी शिस्त मुदतीची. नवें तळें किंवा बंधारा बांधणाऱ्यास पांच वर्षें परिहार. मोडून टाकलेला दुरुस्त करणाऱ्यास चार. झाडाझुडपांनीं व्यापलेला साफ करणाऱ्यास तीन. कोरडी जमीन लागवडीस आणणाऱ्यास दोन. काम जितकें अवघड तितकी मुदत लांब, हा क्रम येथें स्पष्ट आहे. सवलत ही मर्जी नव्हे. ती श्रमाचें व जोखमीचें माप आहे.

तिसरी शिस्त सर्वांत कठोर. कोशाची वृद्धि करतील तेच अनुग्रह-परिहार राजानें द्यावे, कोशास ओहोटी लावतील ते टाळावे. कारण कोश आटला म्हणजे राजा शेवटीं आपल्याच नागरिकांस व रयतेस खाऊं लागतो, असें कारणही तो देतो. व्यापाऱ्यांविषयीं बोलतांनाही हेंच. परदेशचा माल अनुग्रहानें आणवावा, नाविक व सार्थवाह यांस परिहार द्यावा, परंतु तो ‘आयतिक्षम’ असावा. आयति म्हणजे पुढील काळीं येणारें. पुढील प्राप्तीचा भार सोसूं शकेल, तिची शाश्वती धरील, असा परिहार. आम्ही तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. परंतु एका समासांत एवढें राज्यशास्त्र सांठविलेलें आम्हांस क्वचितच आढळलें.

आज्ञापत्राच्या साहुकार-प्रकरणांत ही आयति नाहीं. साहुकार आणावा, ठेवावा, गौरवावा, हें आहे; किती काळ, कोणत्या मोबदल्यांत, आणि तो मोबदला आला कीं नाहीं हें कोणीं पाहावें, याविषयीं प्रकरण मौन धरितें.

यावर कोणी म्हणेल कीं आज्ञापत्र हें नीतिपर लेखन आहे, जमाबंदीचा कायदा नव्हे. त्यांत वर्षांची कोष्टकें शोधणें अन्याय आहे. हा आक्षेप आम्ही कांहीं अंशीं मान्य करितों. परंतु याच ग्रंथांतील वतनदार व वृत्ति यांविषयींचीं प्रकरणें वाचावीं. तेथें हाच लेखक किती सावध आहे! वतनदार हे नांवाला वतनदार, वस्तुतः ते राज्याचे लहान वांटेकरीच होत, हें तो ओळखतो. चाकरीच्या मोबदल्यांत वंशपरंपरेची जमीन देत सुटणें म्हणजे राज्य तुकड्यातुकड्यांनीं गमावणें आहे, हें तो बजावितो. जो लेखक भूमि देतांना शेवटाचा विचार करितो, तो साहुकारास सवलत देतांना तो विचार करीत नाहीं. भूमीचें दान त्यास दिसलें, येण्याचें दान दिसलें नाहीं. दोष नीतिग्रंथाच्या प्रकृतीचा असता तर तो दोन्ही ठिकाणीं सारखाच दिसला असता.

(४)

ग्रंथांत जें राहिलें तें व्यवहारानें भरून काढिलें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. प्रत्यक्ष कौलांत मुदत असते. लागवडीच्या कौलांत इस्तावा असतो, म्हणजे पहिल्या वर्षीं नाममात्र धारा, मग वर्षागणिक चढ, आणि शेवटीं पूर्ण आकार. पेठेच्या कौलांतही ठराविक वर्षें माफी व पुढें शिरस्त्याप्रमाणें वसुली, असें बहुधा लिहिलेलें असतें. लिहिणाऱ्या कारकुनास आयति हा शब्द ठाऊक नसेल. परंतु तिचें कार्य तो जाणत होता. या दृष्टीनें कौलाचा साधा कारकुनी गद्य नमुना आज्ञापत्राच्या प्रौढ गद्यापेक्षां शास्त्रास अधिक जवळचा आहे, असें म्हणण्यास आम्ही कचरत नाहीं.

परंतु कौलांतील सर्वच कलमांस मुदत नसते, आणि येथें गोम आहे. पेठ वसवावयाची तर उदमी गोळा करणारा, त्यांच्या वतीनें सरकारशीं बोलणारा, वजनमापें पाहणारा कोणी पुढारी लागतो. त्यास शेटेपण व महाजनकी मिळे. हक्क, लाजिमे, मानपान ठरत. आणि हें सर्व वतनी, म्हणजे लेकराचे लेकरीं चालावयाचें. सामान्य उदम्याची माफी सात-बारा वर्षांत संपे. त्यास आणणाऱ्याचा हक्क मात्र पिढ्यान्‌पिढ्या चाले. पुढें पेठ वाढो कीं मोडो, शेट्या-महाजनांचे तंटे सरकारच्या दफ्तरांत चालूच राहत. पेठेंत दिवा लावावयास मनुष्य नाहीं आणि तिच्या शेटेपणाबद्दल दोन भाऊबंद भांडत आहेत, असा प्रकार संशोधकांस अपरिचित नाहीं. ज्या वतनाच्या रोगाविषयीं अमात्यांनीं इशारा दिला, तो रोग सवलतीच्या दारानें बाजारांत शिरला.

येवल्याचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. तेथील पाटील घराण्याचे पूर्वज रघोजी नाईक यांनीं गुजराथी व्यापाऱ्यास व त्याच्याबरोबर रेशमी वस्त्रें विणणाऱ्यांस मक्त्याचें वचन देऊन आणिलें, अशी हकीकत नाशिक जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. उद्योग खरोखरच रुजला; येवल्याचें पीतांबर व पैठणी आजही त्याची साक्ष देतात. म्हणजे येथें कौलास फळ आलें. परंतु ज्या मक्त्यानें विणकर आले तोच मक्ता पुढें इतर विणकरांस बाहेर ठेवूं लागला. नव्या माणसास ठरलेली रक्कम भरल्यावांचून माग घालतां येईना. अखेर १८६४ सालीं न्यायालयाच्या निर्णयानें तो बंद झाला. रोपट्यास घातलेलें कुंपण झाड वाढल्यावरही काढिलें नाहीं, तर झाडाची सांवली कुंपणाआंतल्यांनाच मिळते. उत्तेजन यशस्वी झालें तरी त्याचा शेवट लिहिलेला असावा लागतो. किंबहुना यशस्वी झालें तर तो अधिकच लागतो, कारण अपयशी सवलत आपोआप मरते, यशस्वी सवलतीस वारस उत्पन्न होतात.

(५)

येथवर आम्हीं आज्ञापत्रास शास्त्रापुढें उणें ठरविलें. आतां ज्या ठिकाणीं तें शास्त्रापुढें जातें तेंही सांगितलें पाहिजे. नाहींतर ही परीक्षा एकांगी होईल.

साहुकार-प्रकरणाच्या उत्तरार्धांत ग्रंथकार टोपीकरांकडे वळतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हेही साहुकारी करितात. परंतु ते इतर साहुकारांसारखे नव्हेत, कारण त्यांच्यापाठीं त्यांचे राजे आहेत व त्यांच्या हुकुमानें ते येतात. ज्यास राज्य आहे त्यास जागेचा लोभ नाहीं असें होणार नाहीं. म्हणून त्यांची येजा असूं द्यावी, पण वखारीस जागा शक्य तों देऊं नये. देणेंच पडलें तर समुद्रकांठीं व खाडीच्या शेजारीं न देतां राजापुरासारख्या आंतल्या शहराजवळ द्यावी, जंजिऱ्याजवळ त्यांस फिरकूं देऊं नये, आणि मजबूत इमारत बांधूं देऊं नये.

कौटिल्याच्या परदेशी व्यापारी-विवेचनांत ही भीति अशा रूपानें नाहीं. त्याचा सार्थवाह हा व्यापारी आहे. त्याच्या गाठोड्यांत राज्य बांधलेलें नाहीं. सवलत कोणास द्यावी हें ठरवितांना मागणारा कोण, एवढेंच न पाहतां त्याच्यामागें कोण, हें पाहावें, ही अमात्यांची स्वतःची भर आहे आणि ती पुढील शंभर वर्षांच्या इतिहासानें खरी ठरविली.

गंमत अशी कीं जे टोपीकर दूर ठेवावयाचे, ते स्वतः हीच कौलाची विद्या उत्तम जाणत होते. १६७७ सालीं, मुंबईस वस्ती वाढविण्याची खटपट चालू असतां, दीवच्या निमा पारख नांवाच्या वाण्यानें तेथें येण्यासाठीं कंपनीपुढें अटी मांडिल्या व त्या मान्य झाल्या. घर व वखार यांस मोफत जागा. आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक. आवारांत परधर्मीयानें राहूं नये व जीवहत्या करूं नये. पहाऱ्याच्या चाकरींतून सूट. पूर्वसूचनेवांचून अटक नाहीं. युद्धप्रसंग आला तर मालमत्ता व कुटुंब यांस किल्ल्यांत आसरा. ही यादी आज्ञापत्राशेजारीं ठेवावी. मान, अभय, जागा : तींच तीन अंगें. अमात्यांनीं जें तत्त्व म्हणून लिहिलें, तें मुंबईच्या खडकाळ बेटावर अडतीस-एकोणचाळीस वर्षें आधीं कलमवार मान्य झालें होतें. आणि तें मागणारा कोणी मुत्सद्दी नव्हता, एक वाणी होता. आपणांस काय हवें हें उदमी स्वतः सांगतो तेव्हां कर सोडा हें तो पहिलें सांगत नाहीं, हें येथें विशेषेंकरून पाहण्यासारखें आहे.

सवलतीचें दुसरें अंग, म्हणजे बाहेरच्या मालावर जबर जकात, हेंही मराठी राज्यास अपरिचित नव्हतें. १६७१ च्या डिसेंबरांत शिवाजीमहाराजांनीं कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव यास पाठविलेलें मिठाविषयींचें पत्र प्रसिद्धच आहे. बारदेशचें मीठ स्वस्त पडून स्वराज्यांतील मीठ पडून राहील व बंदरें बुडतील, म्हणून संगमेश्वराकडील भावाशीं ताडून पाहून बारदेशच्या मिठावर इतकी जकात बसवावी कीं तें येथें महागच पडावें, असा त्यांतील विचार आहे. या पत्राची थोरवी आम्हांस त्याच्या हेतूंत जितकी वाटते त्याहून अधिक त्याच्या पद्धतींत वाटते. येथें उपदेश नाहीं, हिशेब आहे : कोठला भाव किती, वाहतुकीचा खर्च किती, फरक किती, म्हणून जकात किती. आज्ञापत्राच्या साहुकार-प्रकरणास जी गोष्ट हवी होती, ती चव्वेचाळीस वर्षें आधींच्या या एका पत्रांत आहे.

(६)

हा सर्व विचार केवळ जुन्या काळापुरता असता तर आम्ही तो येथेंच संपविला असता. परंतु कौलाची नीति संपलेली नाहीं. तिचें नांव बदललें आहे. १९६१ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत औद्योगिक विकास महामंडळाची तजवीज झाली व १९६२ त तें स्थापन झालें. नवें घरठाण देणारी संस्था म्हणून त्याकडे पाहण्यास हरकत नाहीं. १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. मुंबई-ठाणें-पुणें या पट्ट्यांत दाटलेले कारखाने इतरत्र पसरावे, हा तिचा हेतु. तिच्या पुढें १९७९, १९८३, १९९३, २००७, २०१३, २०१९ अशा अनेक आवृत्त्या निघाल्या. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड-अधिक व विनाउद्योग जिल्हा असे वर्ग झाले. तालुका जितका मागासलेला, तितकी सवलत मोठी व मुदत लांब. तळ्यास पांच वर्षें व कोरड्या जमिनीस दोन, हा कौटिल्याचा क्रमच येथें नव्या वेषांत दिसतो. विक्रीकराची माफी हा परिहार. भांडवली अनुदान हा अनुग्रह. पुढें माफीऐवजीं भरलेला कर परत देण्याची रीत आली, म्हणजे परिहारानें अनुग्रहाचें रूप घेतलें. हा बदल आम्हांस हिशेबाच्या दृष्टीनें इष्ट वाटतो; सोडलेलें दिसत नव्हतें, परत दिलेलें दिसतें.

परंतु या नीतीविषयींची चर्चा अद्याप कौलाच्याच पातळीवर चालते. २०२२ च्या सप्टेंबरांत अर्धवाहकांचा एक मोठा कारखाना तळेगांवाऐवजीं गुजराथेंत नेण्याचें वेदान्त व फॉक्सकॉन यांनीं जाहीर केलें, तेव्हां कोणीं काय देऊं केलें होतें यावर महाराष्ट्रांत रणें माजलीं. २०२३ च्या जुलैंत फॉक्सकॉननें त्या भागींतून अंग काढून घेतलें. ज्या कौलासाठीं एवढा कलह झाला, त्याची पेठ त्या रूपांत कोठेंच वसली नाहीं. दोन्ही पक्षांच्या लेखांत देऊं केलेलें भरपूर होतें. आयति हा शब्द क्वचित होता.

(७)

आतां ज्यांच्यासाठीं हें मुख्यतः लिहिलें त्या संग्राहक बंधूंस विनंति करून हा लेख पुरा करितों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका जुन्या शेटे-महाजन घराण्याच्या वाड्यांत कागद पाहावयास गेलों होतों. घराण्याचें व गांवाचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. पेठेचा कौल कांचेच्या चौकटींत घालून भिंतीवर टांगलेला होता. सणावारीं त्यास हळदकुंकू वाहत. आम्हीं हिशेबांचे रुमाल कोठें आहेत म्हणून विचारिलें. घरधनी हंसले व म्हणाले, “गुरुजी, कौल आमचा मान. हिशेब काय, वाण्याची चोपडी! माळा साफ केला तेव्हां सगळे रुमाल रद्दींत दिले.” किती होते म्हणून विचारितां दोन बैलगाड्या भरल्या असें कळलें. त्या कौलाची आम्हीं नक्कल करून घेतली. ती आजही आमच्यापाशीं आहे, आणि तिचा आम्हांस म्हणावा तसा उपयोग झालेला नाहीं. पेठ वसवावी असें ती सांगते. वसली कीं नाहीं, हें सांगणारे कागद त्या दोन गाड्यांतून गेले.

दोष त्या गृहस्थांचाच होता असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही संशोधकांनींच त्यांस तसें शिकविलें. आम्ही घरोघर शिक्क्याचे कागद मागत गेलों, छापले ते शिक्क्याचे कागद, गौरव केला तो शिक्क्याच्या कागदांचा. मोडींतील जमाखर्च वाचावयास क्लिष्ट, अक्षर घाईचें, संज्ञा दुर्बोध, म्हणून आम्हीं तो बाजूस सारिला. आमच्या या आळसाचाही एक परिहारच झाला म्हणावयाचा. आणि त्यास मुदत नव्हती.

म्हणून इतःपर कोणत्याही पेठेचा कौल प्रसिद्ध करितांना तीन गोष्टींचा शोध संपादकानें अवश्य करावा. मुदत संपल्याच्या पुढच्या वर्षाचा जकातीचा किंवा पट्टीचा हिशेब मिळतो काय? घरांची व दुकानांची खानेसुमारी आधींची आणि नंतरची अशी दोन्ही मिळते काय? आणि त्याच जागेचा दुसरा कौल आहे काय, असल्यास त्यांत वस्ती मोडल्याचें कोणतें कारण दिलें आहे? तीनही प्रश्नांचीं उत्तरें नसतील तर तसें स्पष्ट लिहावें, आणि कौलावरून भरभराटीचें अनुमान करूं नये. घरोघर कागद मागतांना चौकटींतला कागद शेवटीं मागावा. माळ्यावरचा रुमाल आधीं मागावा.

आज्ञापत्रांतील साहुकार-प्रकरण हें मराठी राजनीतीचें एक थोर पान आहे, हें आमचें मत या परीक्षेनंतरही कायम आहे. त्यांत मान आहे, अभय आहे, आणि परक्याच्या पाठीमागें पाहण्याची दृष्टि आहे. झडती तेवढी नाहीं. ती ग्रंथकारास घालतां आली नाहीं; कागद राहिले असतील तोंवर आपणांस ती घेतां येईल.